गस्तीची गाडी: फिरते किती, थांबते कुठे

रात्रीचे पावणेदोन वाजले असतील. आमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर पाच-सहा पोरांची बाचाबाची चालली होती, ती बघता बघता हातघाईवर आली. त्यातल्या एकानं फरशीचा तुकडा उचललेला मला गॅलरीतून दिसला आणि मी ११२ लावला. पलीकडून शांत आवाजात पहिला प्रश्न आला, "कोणत्या जिल्ह्यातून बोलताय?" मी गोंधळलोच. पोलीस ठाणं घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि या ताई जिल्हा विचारतायत!

गाडी आली तेव्हा आरडाओरडा चालूच होता. बोलेरो होती. चालकानं ती प्लॉटच्या तोंडाशी आणली, पण लगेच थांबवली नाही. आधी वळवून तिचं तोंड मुख्य रस्त्याकडे केलं, इंजिन आणि टपावरचे लाल-निळे दिवे चालूच ठेवले. मग हवालदार उतरले. घोळक्यात न शिरता दहा-बारा पावलांवर उभे राहिले, बॅटरीचा झोत थेट त्या फरशीवाल्याच्या हातावर धरला आणि म्हणाले, "ती आधी खाली ठेव. मग बोलू." त्यानं ठेवली. पुढचा वेळ नावं विचारण्यात, पत्ते लिहून घेण्यात, एकाच्या भुवईवरची जखम बघण्यात गेला. कोणालाही गाडीत घातलं नाही. पोरं पांगली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, "आले, दम दिला, गेले. काय उपयोग?"

काकांचा प्रश्न मला गैर वाटला नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा पोलिसांशी संबंध येतो तो ठाण्याच्या पायरीवर नाही, रस्त्यावरच्या या गाडीशी. तरीही ती कोणाच्या सांगण्यावरून येते, आतल्या माणसांच्या हातात काय असतं आणि काय नसतं, हे आपल्याला कोणी नीट सांगत नाही. ते सांगायचा हा प्रयत्न आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: गस्तीच्या गाडीची किंमत ती किती किलोमीटर फिरली यावर करू नये. ती कुठे थांबली आणि थांबल्यावर आतली माणसं खाली उतरली का, हे बघावं.

फोन वाजतो कुठे

महाराष्ट्रात ११२ ला केलेला फोन जवळच्या ठाण्यात वाजत नाही. २०२१ पासून राज्यभरातले हे फोन नवी मुंबईतल्या केंद्रात घेतले जातात आणि जोडीला नागपुरात दुसरं केंद्र आहे. गडचिरोलीहून बोला की सावंतवाडीहून, उचलणारी व्यक्ती या दोनपैकी एका ठिकाणी बसलेली असते. तुमचा साधारण ठावठिकाणा तिच्या पडद्यावर येतो, पण मोबाईलचा टॉवर कधी कधी पलीकडच्या गावाचा किंवा शेजारच्या तालुक्याचा लागतो. म्हणून जिल्हा, गाव, जवळची खूण हे सगळं तोंडानं विचारलं जातं.

तुम्ही बोलत असताना ती टाइप करत असते. त्या माहितीची एक नोंद तयार होते, तिला क्रमांक मिळतो आणि ती तुमच्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात उघडते. तिथल्या माणसासमोर नकाशा असतो आणि नकाशावर जीपीएस लावलेल्या गाड्या. जवळची मोकळी गाडी बघून तो कॉल तिच्याकडे पाठवतो. गाडीत चालकाच्या बाजूला टॅबसारखं एक यंत्र असतं, पोलीस त्याला एमडीटी म्हणतात. ते वाजतं. कॉल मिळाला असं त्यावर दाबायचं, पोहोचलो की तसं दाबायचं आणि शेवटी काय कारवाई केली ते लिहायचं. ते लिहिल्याशिवाय कॉल बंद होत नाही. त्या रात्री हवालदार पोरांची नावं विचारत असताना चालक त्या यंत्रात डोकं घालून बसला होता. मला तेव्हा वाटलं, फोन बघतोय.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की प्रत्येक टप्प्याची वेळ आपोआप नोंदली जाते. फोन कधी आला, गाडीला कधी कळलं, गाडी कधी पोहोचली. पूर्वी हे सगळं नियंत्रण कक्षातल्या वहीवर आणि ठाण्याच्या डायरीवर चालायचं, आणि गाडी वेळेवर आली की उशिरा, यावर वाद झाला तर शब्दाला शब्द एवढंच उरायचं.

मग गाडीत अजून वायरलेस कशाला, असा प्रश्न पडेल. एमडीटीवर आलेला कॉल एका गाडीला कळतो. वायरलेसवर उच्चारलेलं वाक्य शहरातल्या सगळ्या गाड्यांना, चौक्यांना, साहेबांना एकाच क्षणी ऐकू जातं. साधं काम एका गाडीचं असतं. पळून चाललेली मोटार अडवायची असेल, तेव्हा सगळ्यांनी एकदम ऐकणं लागतं. जाता जाता, पोलिसांच्या बोलण्यात 'मोबाईल' म्हणजे फोन असेलच असं नाही. 'मोबाईलवर ड्युटी आहे' म्हणजे गस्तीच्या गाडीवर नेमणूक आहे. खिशातला फोन नंतर आला, हा शब्द त्यांच्याकडे आधीपासून होता.

देशभर एकच क्रमांक असावा, याला जोर मिळाला तो डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर. पोलिसांना १००, अग्निशमनाला १०१, रुग्णवाहिकेला आणखी वेगळा. घाबरलेल्या माणसानं त्या क्षणी काय काय आठवायचं? ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, एप्रिल २०१५ मध्ये ११२ ची शिफारस केली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशात तो सर्वांत आधी सुरू झाला.

"दम दिला, गेले" म्हणजे नेमकं काय झालं

गस्तीची गाडी म्हणजे फिरतं पोलीस ठाणं, असा एक समज आहे. त्यामुळे पुष्कळ राग निष्कारण ओढवतो. गुन्हा दाखल करण्याचं काम ठाण्याचं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे नोंदवायचा असतो. गाडीतले अंमलदार भांडण थांबवतील, जखमीला दवाखान्यात नेतील, जागा राखतील, साक्षीदारांची नावं घेतील, तुम्हाला ठाण्यात यायला सांगतील. बोनेटवर कागद ठेवून एफआयआर लिहून देणार नाहीत, आणि दिला नाही म्हणून ते टाळाटाळ करतायत असंही होत नाही. (ठाण्यात मात्र 'ही आमची हद्द नाही' हे उत्तर आता चालत नाही. हद्द कोणाचीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची, असं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच संहितेत आहे; मग तो गुन्हा शून्य क्रमांकानं नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवला जातो. एफआयआरची प्रत फुकट मिळते.)

आता त्या रात्रीचं भांडण घ्या. कायद्यात गुन्ह्यांचे दोन कप्पे आहेत: दखलपात्र आणि अदखलपात्र. घरफोडी, दरोडा, बलात्कार, खून, गंभीर दुखापत हे मोठे गुन्हे दखलपात्र. त्यात पोलीस कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता तपास सुरू करू शकतात, वॉरंटशिवाय अटक करू शकतात. शिवीगाळ, तोंडी धमकी, हातानं केलेली साधी मारहाण हे अदखलपात्र. त्यात नोंद होते, जिला सगळे 'एनसी' म्हणतात, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना पुढे तपास करता येत नाही. आपल्या गल्लीत, सोसायटीत, शेताच्या बांधावर होणारी बहुतेक भांडणं या दुसऱ्या कप्प्यात बसतात.

म्हणजे फरशी हातात होती तोवर प्रकरण एका बाजूला होतं. ती कोणाच्या डोक्यात बसली असती तर धोकादायक वस्तूनं दुखापत झाली असती आणि सगळं दुसऱ्या बाजूला गेलं असतं. या दोन बाजूंच्या मधे जे काही सेकंद असतात, त्यात गस्तीची गाडी काम करते. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून मध्ये पडणं हे पोलिसांचं कर्तव्यच आहे, त्याच संहितेचं कलम १६८ तेच सांगतं. दुसरा काही मार्गच उरला नाही तर कलम १७० खाली, गुन्हा घडण्याआधीच, माणसाला ताब्यात घेता येतं; पण चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही. हवालदारांनी बघितलं: फरशी खाली गेली, जखम वरवरची, पोरांची नावं-पत्ते हातात आले. अटकेची गरज उरली नव्हती. काकांना जो 'दम' वाटला, ती कायद्यानं दिलेल्या अधिकाराची सगळ्यात हलकी आणि बरेचदा सगळ्यात योग्य पायरी होती. हे मी त्यांना सांगितलं. ते पूर्ण पटले नाहीत, पण पुढच्या वेळी स्वतः फोन करीन म्हणाले.

रात्री रस्त्यात गाडीनं आपल्याला अडवलं तर काय, हेही माहीत असलेलं बरं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत आढळणं हा प्रकार आहे: घरफोडीची हत्यारं जवळ असणं, गुन्ह्याच्या हेतूनं चेहरा झाकलेला असणं, असं काही. रात्री उशिरा घरी चालत जाणं हा गुन्हा नाही. कामावरून येतोय, स्टेशनवरून येतोय, एवढं शांतपणे सांगितलं की बहुधा विषय संपतो. गाडी चालवत असाल तर गणवेशातल्या पोलिसानं मागितल्यावर लायसन दाखवावं लागतं. फोनमधलं डिजिलॉकरचं चालतं. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलंच पाहिजे. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, घरच्यांना कळवलं पाहिजे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं पाहिजे. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची नाही. फारच अपवादाची वेळ आली तर महिला अधिकाऱ्यानं, दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊन. यातल्या बऱ्याच गोष्टी सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू प्रकरणात १९९६ सालीच बजावल्या होत्या.

गुन्ह्यापलीकडचंही खूप काही या गाडीच्या वाट्याला येतं. रात्री दहानंतर वाजणारा डीजे, वाट चुकलेले आजोबा, रस्त्यात पडलेला दारुडा, फुटपाथवर सापडलेलं रडणारं पोर, बंद घरातून येणारा वास. अपघाताच्या जागी बरेचदा हेच आधी पोहोचतात. तिथे मदत करणाऱ्यानं पोलिसांना घाबरायचं कारण आता उरलेलं नाही: २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, आणि जखमीला मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

चाकं आधी आली, कान नंतर

पोलिसांची पहिली मोटारगाडी म्हणून जिचं नाव घेतात ती १८९९ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात धावली. विजेवर चालायची, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास. तिचं पहिलं काम होतं एका दारू प्यायलेल्या माणसाला उचलून आणणं. सव्वाशे वर्षांत काम फारसं बदललेलं नाही.

पण नुसत्या चाकांनी पोलिसांचं फार भलं झालं नाही. गाडी एकदा ठाण्यातून निघाली की ती हरवल्यात जमा. मागे काय घडतंय ते तिला कळायचं नाही, ती कुठे आहे ते ठाण्याला कळायचं नाही. खरी उडी पडली ती ७ एप्रिल १९२८ ला डेट्रॉइटमध्ये, तिथल्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत रेडिओ ऐकू येईल असं पक्कं केलं तेव्हा. तीही अर्धीच: गाडीला ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. संदेश मिळाला हे सांगायला पोलिसाला फोन शोधत फिरावं लागे. दोन्ही बाजूंनी बोलणारा रेडिओ १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बायोन शहरात आला. तिथून पुढे गस्तीची गाडी आज आपण ओळखतो तशी झाली.

या वायरलेसची किंमत महाराष्ट्राला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कळली. कामा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या क्वालिसमध्ये बसले होते ती पोलिसांचीच गाडी होती. कसाब आणि इस्माईल यांनी तिच्यावर गोळीबार केला, पुढच्यांना खाली टाकलं आणि तीच गाडी घेऊन निघाले. मागे, मेलेल्या सहकाऱ्यांखाली दबलेले, गोळ्या लागलेले पोलीस शिपाई अरुण जाधव जिवंत होते. क्वालिसचा टायर बसला आणि अतिरेक्यांनी ती सोडून एक स्कोडा पळवली, तेव्हा जाधवांनी गाडीतल्या वायरलेसवरून कंट्रोलला कळवलं. स्कोडाची खबर वायरलेसवरून पसरली. गिरगाव चौपाटीला डी. बी. मार्ग पोलिसांची नाकाबंदी होती. तिथल्या माणसांना कोणती गाडी थांबवायची हे ठाऊक होतं. स्कोडा थांबली, आणि हातात फक्त लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल नळीकडून धरून ठेवली. ती त्यांनी सोडली नाही. त्यांच्या सहकाऱ्यांनी कसाबला जिवंत पकडलं. ओंबळ्यांना अशोक चक्र मिळालं.

मी चौपाटीवरून जातो तेव्हा त्यांच्या पुतळ्यापाशी थांबतो, आणि दर वेळी मनात त्या क्वालिसमधला वायरलेस सेटही येतो. गाडी शत्रूच्या हातात गेली होती. सेट मात्र आपलं काम करत राहिला.

नुसतं फिरून चोरी थांबते का

आता काकांच्या प्रश्नाचा उरलेला भाग. आपण सगळेच म्हणतो, 'गस्त वाढवा'. घरफोडी झाली की नगरसेवक म्हणतात, वर्तमानपत्रं म्हणतात, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप म्हणतो. गाडी दिसत राहिली की चोर बिचकेल, हे इतकं उघड वाटतं की तपासून बघायची गरजच भासत नाही.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या पोलिसांनी ते तपासलं. ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर शहराच्या दक्षिण भागातल्या पंधरा बीट, म्हणजे गस्तीसाठी पाडलेले भाग, त्यांनी तीन गटांत वाटल्या. पाच बीटमध्ये गस्त पूर्ण बंद. कोणी फोन केला तरच गाडी आत शिरायची. पाच बीटमध्ये नेहमीसारखी एक गाडी. उरलेल्या पाचात दुप्पट-तिप्पट गाड्या. वर्षानंतर गुन्हे मोजले, लोकांना भीती किती वाटते ते विचारलं, पोलिसांबद्दलचं मत विचारलं. तिन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. गस्त बंद झालीये किंवा वाढलीये हे तिथे राहणाऱ्यांच्या ध्यानातही आलं नाही.

असं का व्हावं, याचा हिशोब आपल्यालाही मांडता येतो. समजा एका बीटमध्ये गल्लीबोळ धरून साठ किलोमीटर रस्ते आहेत आणि गाडी ताशी पंधराच्या वेगानं हिंडते. एक फेरा पुरा व्हायला चार तास. आठ तासांच्या रात्रीत तुमच्या दारावरून ती दोनदा जाईल, दर वेळी फार तर अर्धा मिनिट दिसेल. मधेच कॉल आला तर तेही नाही. कुलूप तोडायला चोराला दोन-तीन मिनिटं लागतात आणि गाडीचे दिवे त्याला लांबून दिसतात. तो आडोशाला उभा राहील आणि गाडी गेली की कामाला लागेल.

या प्रयोगावर आक्षेपही आले. गस्त बंद असलेल्या भागातही कॉलसाठी गाड्या येत-जात होत्याच, त्यामुळे लोकांना गाड्या दिसतच राहिल्या असणार. आक्षेप रास्त आहे. पण 'गाड्या वाढवल्या की गुन्हे आपोआप घटतात' हा समज मात्र त्यानंतर पहिल्यासारखा टिकला नाही.

मग १९८८-८९ मध्ये मिनियापोलिस शहरात लॉरेन्स शेरमन आणि डेव्हिड वाइसबर्ड यांनी प्रश्नच वेगळा केला. शहरातून पोलिसांना येणारे फोन बघितले तर जवळजवळ निम्मे फोन फक्त तीन टक्क्यांच्या आसपास पत्त्यांवरून येत होते. आपल्या गावातही हे डोळ्यांपुढे आणता येतं: ठरलेला गुत्ता, एसटी स्टँडमागचा बोळ, तो एक चौक. त्यांनी अशा ११० जागा निवडल्या आणि त्यातल्या निम्म्या जागांवर गस्त मुद्दाम वाढवली. गुन्ह्यांचे फोन ६ ते १३ टक्के कमी झाले, आणि रस्त्यावरचा दंगा प्रत्यक्ष बघून मोजला तर निम्म्यावर आला. पुढे ख्रिस्तोफर कोपर यांनी त्याच नोंदींत बघितलं की गाडी एका जागी किती वेळ थांबली तर ती निघून गेल्यावरही परिणाम टिकतो. उत्तर आलं: दहा ते पंधरा मिनिटं. त्याहून कमी थांबलं तर परिणाम लगेच ओसरतो, आणि जास्त थांबून फारसं वाढीव काही पदरात पडत नाही.

हे वाचलं आणि मला ती रात्र आठवली. पोरं पांगल्यावर गाडी लगेच गेली नव्हती. प्लॉटच्या कोपऱ्यावर दिवे चालू ठेवून चांगली पाव तास उभी होती. हवालदार बाहेर बोनेटला टेकून उभे होते, पानटपरीच्या बंद फळीपाशी झोपलेल्या म्हाताऱ्याशी बोलत होते. मला तेव्हा वाटलं, आता काम झालं, वेळ काढतायत. गेलेल्या पोरांपैकी दोघं पलीकडच्या गल्लीतून डोकावून बघून परत फिरले, हे मीच वरून पाहिलं होतं.

उतरण्याबद्दलही एक जुना प्रयोग आहे. १९७८-७९ च्या सुमाराला न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये पोलिसांना गाडीतून उतरवून पायी गस्तीला लावलं. गुन्ह्यांच्या आकड्यात घट दिसली नाही. पण तिथल्या लोकांना बदल जाणवला, त्यांची भीती कमी झाली, पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. काचा वर करून जाणाऱ्या गाडीत कोण बसलंय हे कोणालाच ठाऊक नसतं. चालत येणाऱ्या पोलिसाला टपरीवाला नाव घेऊन हाक मारतो आणि कानात दोन गोष्टी सांगतो. आपल्याकडे बीट अंमलदाराची पद्धत याच ओळखीवर उभी होती. रात्री बँकेच्या, सराफाच्या, देवळाच्या दारात टांगलेल्या वहीत गस्तवाल्यानं सही करायची, ही जुनी रीत त्याला गाडीतून उतरवण्यासाठीच होती. आता बऱ्याच ठिकाणी वहीच्या जागी क्यूआर कोड आलेत. तो फोननं टिपायलाही खाली उतरावंच लागतं, म्हणून मला ते आवडतात. टिपून लगेच पळायचं नसेल तर.

गाडीतली माणसं

हे सगळं करायला गाडीत असतात दोघं, फार तर तिघं. चालकही पोलीसच असतो, पण प्रसंगात तो शक्यतो गाडी सोडत नाही. गाडी, वायरलेस आणि परतीची वाट त्याच्या ताब्यात असते. तोंड रस्त्याकडे करून गाडी उभी करण्याचं कारण तेच. मागे दोर, लाठ्या, हेल्मेटं, ढाली, प्रथमोपचाराची पेटी, झळकणारी जाकिटं. पुढे लॉगबुक: किती किलोमीटर, किती डिझेल.

आणि ड्युटी. बारा तासांची पाळी, वर बंदोबस्त. मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. तो जिथे जिथे टिकेल तिथे गस्त सुधारेल असं मला मनापासून वाटतं, कारण दहाव्या तासाला फरशीवाल्या पोराशी शांतपणे बोलणं हे दुसऱ्या तासाला बोलण्याइतकं सोपं नसतं. गणपतीत, निवडणुकीत, मोठ्या नेत्याच्या दौऱ्यात याच गाड्या बंदोबस्ताला ओढल्या जातात आणि त्या दिवसांत तुमच्या गल्लीची वाट बघण्याची वेळ वाढते. गस्त कमी का झाली हे विचारताना माणसं आणि गाड्या त्या दिवशी कुठे होत्या, हेही विचारायला हवं.

आपल्या हातात असलेली मिनिटं

गाडीला किती वेळ लागला हे आपण मोजतो. पण कॅन्सस सिटीतच सत्तरच्या दशकात केलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की बराचसा वेळ गाडी निघण्याआधीच गेलेला असतो. लोक आधी घरच्यांना विचारतात, शेजाऱ्याला फोन करतात, करू की नको म्हणत थांबतात. मीही त्या रात्री गॅलरीत निदान पाच-सात मिनिटं उभा होतो, कोणीतरी केलाच असेल असं समजून. नंतर चौकशी केली तर आमच्या इमारतीतून दुसऱ्या कोणीही फोन केला नव्हता.

फोन लागला की आधी जागा सांगा, मग काय चाललंय ते. उलटं केलं आणि मध्येच फोन तुटला तर गाडी कुठे पाठवायची हेच कळत नाही. हत्यार दिसतंय का, कोणाला लागलंय का, किती जण आहेत, हे सांगा. हवालदार दहा पावलांवर का थांबले ते यातूनच ठरलं असणार. बोलता येत नसेल तर बऱ्याच स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबलं की आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला इशारा जातो. २०१६ च्या नियमांनी फोनमध्ये ही सोय सक्तीची झाली आहे. आपल्या फोनवर ती कशी आहे ते आजच बघून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनवरही.

फोन ठेवल्यावर तो हातातच राहू द्या. गाडीतून उलटा फोन येतो, आणि तो अनोळखी नंबरवरून येतो म्हणून लोक उचलत नाहीत. मला आला होता. चालक विचारत होता, "साहेब, प्लॉटला मागून रस्ता आहे का? की शाळेच्या अंगानंच यायचं?" मागचा रस्ता खणून ठेवला होता. मी म्हणालो, शाळेच्या अंगानं या. दोन मिनिटांत दिवे दिसले.